नोकरीचें परिचयपत्र कोणत्या रूपांत धाडावें?

नोकरीच्या अर्जासोबतच्या परिचयपत्रांत, म्हणजे बायोडाटांत, काय लिहावें हें सांगणारे पुष्कळ आहेत. तें कोणत्या प्रकारच्या फाइलींतून धाडावें, हा प्रश्न मात्र क्षुल्लक मानला जातो. वस्तुतः मजकूर कितीहि उत्तम असला, तरी वाचणाराच्या हातीं तो मोडक्या रूपांत पडल्यास अर्जदाराचे श्रम व्यर्थ होत.

प्रचारांत मुख्य प्रकार दोन. पहिला वर्डच्या फाइलीचा. २००७ सालच्या वर्डपासून तिच्या नांवाच्या शेवटीं ‘डॉकएक्स’ हीं अक्षरें येतात. दुसरा पीडीएफचा, तो अ‍ॅडोबी कंपनीनें १९९३ सालीं प्रचारांत आणला व २००८ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाणाची मान्यता मिळाली. छापखान्यांतील उपमा द्यावयाची, तर वर्डची फाइल जुळवून ठेवलेल्या खिळ्यांसारखी आहे, आणि पीडीएफ छापून निघालेल्या कागदासारखी. वर्डच्या फाइलीचें पान उघडणाऱ्याचा संगणक नव्यानें जुळवितो. आपला टंक त्याच्यापाशीं नसला, तर तो दुसरा योजतो. मग ओळी सरकतात, तक्ते विस्कटतात, एका पानाचीं दोन होतात. युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकांत लिहिलेल्या मराठी मजकुराच्या जागीं तर निरर्थक रोमन अक्षरें उमटतात. पीडीएफमध्यें अक्षरांच्या जागा ठरलेल्या असतात आणि टंकहि बहुधा आंतच सांठविलेला असतो. म्हणून सामान्यतः पीडीएफच धाडावी.

परंतु एवढ्यानें निश्चिंत होऊं नये. अनेक मोठ्या कंपन्यांत परिचयपत्र प्रथम संगणक वाचतो. नांव, शिक्षण व अनुभव निवडून घेतो. पुष्कळ तरुण छापलेल्या कागदाचें मोबाइलवर छायाचित्र घेऊन त्याचीच पीडीएफ करतात. माणसास ती स्वच्छ दिसते. संगणकाच्या लेखीं मात्र तें केवळ चित्र! त्यांतील अक्षरें ओळखण्याचीं साधनें आहेत. पण तीं सर्वत्र योजलेलीं नसतात व चुकतातहि. अशा रीतीनें लायक उमेदवाराचा अर्ज माणसाची दृष्टि पडण्यापूर्वींच मागें पडूं शकतो.

याची परीक्षा सोपी आहे. पीडीएफ उघडून तींतील मजकूर निवडावा आणि कोऱ्या पानावर उतरवावा. शब्द शुद्ध व क्रमानें उतरले, तर फाइल ठीक. मुळींच न उतरल्यास ती चित्र आहे असें जाणावें, व वर्डमधूनच पुनः पीडीएफ करावी. दोन स्तंभांच्या मांडणीमुळें किंवा तक्त्यांमुळें क्रम बिघडला असेल, तर मांडणी साधी करावी.

एक अपवाद लक्षांत ठेवावा. जाहिरातींत वर्डची फाइल मागितली असेल, तर तीच द्यावी. नोकरी मिळवून देणाऱ्या कांहीं संस्था मजकूर आपल्या नमुन्यांत बसविण्यासाठीं ती मागतात. तेथें आपला आग्रह धरूं नये.

शेवटीं, फाइलीस ‘बायोडाटा नवा’ असें नांव न देतां स्वतःचें पूर्ण नांव द्यावें, आणि धाडण्यापूर्वीं ती दुसऱ्या संगणकावर वा मोबाइलवर एकवार उघडून पाहावी. ज्या रूपांत आपण धाडलें, त्याच रूपांत तें वाचणारास दिसावें, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतु आहे.