ईसी कॉमिक्स सत्तर वर्षांनी परत: नुसतं रीप्रिंट का पुरत नाही?

एपिसोड ऐकता ऐकता ज्यांचं नेटवर्क गेलं, त्यांच्यासाठी आजच्या गप्पा लेखी स्वरूपात.

आधी अँथॉलॉजी म्हणजे काय ते बघू. दिवाळी अंक डोळ्यांसमोर आणा. एकाच मुखपृष्ठाखाली तीन-चार गोष्टी, लेखक वेगळे, चित्रकार वेगळे, आणि प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे संपते. हिरो पुढच्या महिन्यात परत यायलाच हवा अशी सक्ती नाही. म्हणजे गोष्टीत कोणाचंही काहीही होऊ शकतं. भीती तिथूनच येते.

अमेरिकेत १९५० पासून ईसी कॉमिक्सने हे जमवलं होतं. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' त्यांचंच. पण १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांनी पुस्तक लिहून कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा आरोप केला. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीसमोर ईसीचे मालक विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. कापलेलं मुंडकं असलेलं मुखपृष्ठ दाखवून त्यांना विचारलं, हे सुरुचीत बसतं का? ते म्हणाले, हॉरर कॉमिकसाठी बसतं! मग काय, वर्तमानपत्रांना मथळाच मिळाला.

आता गंमत बघा. सरकारने बंदी घातलीच नाही. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' बनवला. नावात 'हॉरर' शब्द नको, झॉम्बी नको, व्हॅम्पायर नको, पोलिसांचा-न्यायाधीशांचा अनादर नको, शेवटी चांगल्याचाच विजय हवा. कोडचा शिक्का नसेल तर वितरक माल उचलत नव्हते. या नियमांत कोण फिट बसतं? सुपरहिरो! १९५६ मध्ये डीसीने जुना फ्लॅश नव्या रूपात आणला आणि सुपरहिरोंचा दुसरा काळ सुरू झाला.

त्याच वर्षी ईसीच्या शेवटच्या कॉमिकमध्ये 'जजमेंट डे' ही गोष्ट पुन्हा छापायची होती. पृथ्वीवरचा अंतराळवीर एका यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथे नारिंगी यंत्रमानवांना सगळे हक्क, निळ्यांना नाहीत. तो ग्रहाला नापास करून निघतो, आणि शेवटच्या चौकटीत हेल्मेट काढतो. तो कृष्णवर्णीय असतो. कोडवाल्यांनी सांगितलं, त्याला गोरा करा. गेन्स यांनी साफ नकार दिला आणि गोष्ट तशीच छापली. आता सांगा, इथे मुलांना नक्की कशापासून वाचवत होते?

आमच्या भाषेत, प्रत्येक सिस्टिमला वर्कअराउंड असतो. कोड कॉमिक्सना लागू होता, मासिकांना नाही. म्हणून १९६४ मध्ये जेम्स वॉरेन यांनी 'क्रीपी' हे हॉरर कॉमिक थेट कृष्णधवल मासिकाच्या आकारात काढलं. २००९ मध्ये डार्क हॉर्सने तेच नाव नव्या गोष्टींसह पुन्हा सुरू केलं. कोडसुद्धा हळूहळू सैल झाला. २०११ मध्ये डीसीने तो सोडला आणि तो संपलाच.

मग २०२४ मध्ये ओनी प्रेसने ईसीचं नाव परत आणलं: हॉररसाठी 'एपिटाफ्स फ्रॉम द अॅबिस', सायन्स फिक्शनसाठी 'क्रूएल युनिव्हर्स'. जुन्या गोष्टींची रीप्रिंट्स तर आधीपासून मिळतच होती. इथे गोष्टी नव्या आहेत, आजच्या लेखक-चित्रकारांच्या. साचा मात्र तोच: छोटी गोष्ट, शेवटी दणका.

मला वाटतं, रिव्हायव्हल असंच व्हायला हवं. ईसीचं खरं बळ रक्तात नव्हतं. आपल्या काळात जे बोलायची चोरी होती, ते भुताखेतांच्या आडून बोलण्यात होतं. नुसता जुना लोगो आणि पिवळट कागद परत आणला तर हाती फक्त आठवण उरते.

सुरुवात कुठून करायची? आधी 'जजमेंट डे' वाचा. आठच्या आसपास पानं आहेत, चहा संपेपर्यंत होईल. मग 'एपिटाफ्स'चा पहिला अंक घ्या. आणि हो, आजच्या कुठल्या भीतीवर अशी गोष्ट लिहिली जायला हवी, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!