गुड्यावरचा हिवताप आणि आपले गैरसमज

पाऊस लागला की जिवतीच्या डोंगरावरच्या गुड्यांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, तापाची साथ येते आणि खाली शहरात तेच ते ऐकू येतं: ‘ते लोक अडाणी, आधी मांत्रिकाकडे जातात, म्हणून मलेरिया हटत नाही.’ संस्कृतीवर खापर फोडायचं आणि मोकळं व्हायचं. कौतुकही असंच घाईचं असतं. नमस्काराच्या चालीमुळे आपण कोविडपासून वाचू, असं २०२० साली किती जण म्हणत होते. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

चालीरीतींचा रोगाशी संबंध असतोच. पण मलेरियाच्या बाबतीत पहिला प्रश्न हा, की माणूस रात्री कुठे असतो? ॲनाफिलीस डासाची मादी दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत चावते. नेमक्या त्याच वेळी पीक राखायला शेतकरी शेतातल्या माळ्यावर जागलीला असतो. रात्रभर जागला नाही तर रानडुकरं सकाळपर्यंत काही ठेवत नाहीत. सरकारने दिलेली मच्छरदाणी घरात, माणूस माळ्यावर. याला अडाणीपणा कसं म्हणायचं?

फवारणीचंही तसंच. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर बसतो आणि तिथल्या औषधाने मरतो, हे फवारणीमागचं गणित. पण मातीच्या घराची भिंत सणासुदीला शेणामातीने सारवली जाते. नुकत्याच फवारलेल्या भिंतीवर ओल्या पोतेऱ्याचा एक हात फिरला, की औषध सारवणाखाली गाडलं जातं. घर स्वच्छ ठेवणाऱ्या बाईचा यात काय दोष? सण आधी, सारवण त्याच्या आधी आणि फवारणी सगळ्यांत शेवटी, असं वेळापत्रक गावात बसून ठरवता येतं. देव किंवा धान्य असलेल्या खोलीत फवारू देत नाहीत, ही तक्रार खरी आहे; त्या अंधाऱ्या खोलीत डासही असतात. तिथे हुकूम चालत नाही, ओळखीचा माणूस लागतो.

मलेरिया घाणीमुळे होतो, हा आणखी एक समज. गटारात वाढतो तो बहुतेकदा क्युलेक्स डास; त्याच्यामुळे मलेरिया होत नाही. डोंगराळ भागातला ॲनाफिलीस फ्लुव्हिएटिलिस संथ वाहत्या, स्वच्छ झऱ्यात अंडी घालतो.

‘त्यांना तापाची सवय असते’ हा समज तर सगळ्यांत घातक. वारंवार लागण झालेल्या प्रौढाच्या अंगात ताप नसतानाही परजीवी असू शकतात. त्याला चावलेला डास ते लहान मुलापर्यंत पोचवतो. वारंवारच्या लागणीतून प्रौढाला मिळालेली ढाल त्या मुलाकडे नसते. फाल्सिपेरम जातीचा परजीवी मेंदूपर्यंत गेला, तर जीव जायला फार दिवस लागत नाहीत.

म्हणूनच मांत्रिकाकडे गेलेला वेळ महागात पडतो, हे मान्यच करायला हवं. पण त्याच्याकडे जाण्यामागे श्रद्धेइतकंच अंतरही असतं, आणि दवाखान्याची भीतीही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत आदिवासींना विचारून दवाखाना बांधला: नाव माँ दंतेश्वरीचं, बांधणी पाड्यातल्या झोपड्यांसारखी, नातेवाइकांना सोबत राहायची सोय. लोकांना विश्वासात घेण्याचं हेच महत्त्व पश्चिम आफ्रिकेत २०१४च्या इबोलाच्या साथीतही दिसलं. मृताला स्पर्श करण्याच्या अंत्यविधींतून लागण पसरत होती. नुसत्या बंदीने लोक लपूनछपून दफन करू लागले. कुटुंबाला प्रार्थनेची, निरोपाची जागा दिली तेव्हा सुरक्षित दफनाला साथ मिळाली.

दवाखाना लांब असला, तरी गावातल्या आशाताईच्या किटवर बोटातल्या थेंबभर रक्ताने पंधरा-वीस मिनिटांत निदान होतं. मग गोळ्यांचा हिशेब. फाल्सिपेरमचा कोर्स तीन दिवसांचा. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीच्या परजीवीसाठीच्या प्रायमाक्वीन गोळ्या मात्र चौदा दिवसांच्या, कारण तो यकृतात दडून राहतो. रुग्णाला दोन दिवसांत बरं वाटतं, तो जागलीला किंवा मजुरीला निघतो आणि उरलेल्या गोळ्या घरीच राहतात. त्या त्याच्यासोबत शेतावर जातील, हे निघण्याआधीच त्याच्याशी बोलून ठरवायला हवं.