बालाघाटावरून बोटीवर

आमच्या बीड जिल्ह्यात ‘बोट’ म्हटले की माणूस हात पुढे करतो. हाताची पाच बोटे त्याच्या ओळखीची; सहावी बोट त्याने पाहिलेली असते ती सिनेमात, आणि तीही बहुधा बुडताना. जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला मांजरा आणि मध्ये बालाघाटाचे डोंगर. अशा मुलखात, अंबाजोगाईसारख्या गावी, बावीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या गृहस्थाने आगबोटीतल्या भोजनावर लेख लिहावा, हे वाचकांना जरा आगाऊपणाचे वाटेल. पण दोष माझा नाही, योगेश्वरीचा आहे.

योगेश्वरी ही आमच्या गावची देवता आणि कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. समुद्रकाठच्या माणसांची देवी समुद्रापासून इतक्या लांब कशी येऊन बसली? आमच्याकडची कथा अशी, की परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरले म्हणून देवी कोकणातून निघाली, वाटेत मुहूर्त टळला, आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड होऊन राहिले. जे दगड झाले नाहीत त्यांचे वंशज अजून दर्शनाला येतात. असेच अलिबागकडचे एक कुटुंब वीस वर्षांपूर्वी आले, आमच्या ओट्यावर पाणी प्यायले, आणि जाताना आपली मुलगी आमच्या घरात देण्याचे ठरवून गेले. तीच आमची सौ.

तिचे वडील, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, २०२२ साली सहस्रचंद्रदर्शनाच्या वयाला पोचले. होमहवन आणि पंगती यांना त्यांचा विरोध. तेव्हा पुण्याच्या आमच्या मेहुण्याने परस्पर बेत केला, की अण्णांना जहाजाने सफर घडवायची: मुंबई, गोवा, लक्षद्वीप आणि परत मुंबई. अण्णांनी हे ऐकले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “विहीणबाई येणार असतील तर येतो.” माझी आई केज तालुक्यातल्या खेड्यातली, तिने चौऱ्याहत्तर वर्षांत समुद्र पाहिलेला नव्हता. ती नाही म्हणेल असा त्यांचा हिशेब. आई म्हणाली, “जायचं की. कधी निघायचंय?”

अण्णांचा हिशेब असा का होता, हे सौ.ने मला लातूरच्या रात्रीच्या गाडीत सांगितले. अलिबागचा हा माणूस ऐंशी वर्षांत एकदाही बोटीत बसला नव्हता. मुंबईला जायचे ते वळसा घालून, रस्त्याने. भाऊच्या धक्क्याचे नावही घरात निघत नसे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी सकाळी, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकापाशी वादळात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्या कंपनीची ती बोट, तिला लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींना संतांची नावे असत. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. त्या बोटीत अण्णांचे धाकटे काका होते. अण्णा तेव्हा पाच वर्षांचे. त्यांच्या आजीने त्या दिवसापासून घरादाराला शपथ घातली, आणि आजी गेल्यावर ती शपथ सोडवणारे कोणी उरले नाही.

बॅलार्ड पिअरला उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या धुडाकडे पाहून आई एवढेच म्हणाली, “हे तरंगतंय?” शंका रास्त होती. दोनशे अकरा मीटर लांब, अठ्ठेचाळीस हजार टनांवर भार. नाव ‘एम्प्रेस’, चालवणारी कंपनी कॉर्डेलिया. मुंबईहून तिच्या फेऱ्या सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या. या बोटीचे माहेर मात्र भारतातले नाही. १९९० साली ती फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत बांधली गेली, ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने, आणि तिचे तारुण्य गेले कॅरिबियन समुद्रात. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून निघायचे, बहामा बेटांवर उतरून पोहायचे, जेवायला पुन्हा बोटीवर यायचे, असा तिच्या उतारूंचा परिपाठ. २०१७ पासून तर ती क्यूबाच्या हवाना बंदरातही जात असे. जून २०१९ मध्ये अमेरिकन सरकारने त्या फेऱ्यांवर बंदी घातली. तेव्हा ज्या डेकवर कोणी अमेरिकन निवृत्त दांपत्य वाऱ्याला बसले असेल, तिथे आता आमची मातोश्री काठापदराचे लुगडे सावरीत बसली होती.

भोजनाचे दोन प्रकार होते. एक आपण थाळी घेऊन रांगेने फिरायचे, दुसरा टेबलाशी बसायचे आणि वाढप्याने आणून द्यायचे. पहिल्या प्रकारात पदार्थांच्या ओळी पाहूनच अर्धे पोट भरते: पंजाबी भाज्या, गुजराती फरसाण, दाक्षिणात्य डोसे, चिनी शेवया, आणि कांदा-लसूण-बटाटा टाळणाऱ्यांसाठी वेगळी जैन मांडणी. आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मुंबईपर्यंतच संपली होती. तिने टेबलाचा प्रकार पसंत केला, कारण तिच्या मते थाळी घेऊन रांगेत उभे राहणे दुष्काळातच शोभते.

आता चटणीवरून एक विषयांतर. शेंगदाणा आणि मिरची ही दोन्ही मुळात अमेरिका खंडांतली. कोलंबसाला मिरची भेटली ती याच कॅरिबियन बेटांत; तो निघाला होता मिऱ्याच्या शोधात, म्हणून मिरचीलाही त्याने मिऱ्याचाच प्रकार मानले. पुढे पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्याला आणली. म्हणजे आमच्या गावात ‘विवेकसिंधु’ रचला असे ज्यांच्याविषयी परंपरा सांगते, त्या मुकुंदराजांनी शके १११० मध्ये मिरची पाहिलेलीच नव्हती! ज्ञानेश्वरांनीही नाही. वर्गात हे सांगितले की मुलांचा विश्वास बसत नाही. ठेच्यावाचून मराठी भाषा उभी राहिली, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी बोट बंदराबाहेर पडत होती. सगळे उतारू कठड्याशी गर्दी करून मुंबईचे दिवे पाहत होते. अण्णा जेवणाच्या दालनात खिडकीकडे पाठ करून बसले होते. काशाचा खडक कोणत्या बाजूला, हे त्यांना न पाहता ठाऊक होते. समोरचे सूप निवून गेले. वाढणारा पोरगा रत्नागिरीकडचा निघाला, “आजोबा, बोट लागली का?” असे त्याने हळूच विचारले. अण्णा म्हणाले, “नाही रे. मलाच बोट लागू द्यायची नव्हती इतकी वर्षं.” पोराला ते समजले नाही. आईने मात्र आपल्या ताटातली पोळी मोडून अर्धी त्यांच्या ताटात टाकली आणि ती पोराकडे वळली, “तू जेवलास का बाळा?” तो हसला. नोकरांचे जेवण खालच्या मजल्यावर, पाळी संपल्यावर असते. रोज प्रत्येक पंगतीला आई त्याला तोच प्रश्न विचारी आणि तो तेच उत्तर देई.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला न्हाणीघरात बोलावून नळ दाखवला. “एवढं पाणी हे कुठून आणायलेत रे?” समुद्राच्या पाण्यातले मीठ काढून बोटीवर गोडे पाणी करतात, हे मी समजावून सांगितले. “मग आपल्याकडं का नाही करत?” आपल्याकडे समुद्र नाही म्हणून. ती थोडा वेळ गप्प राहिली. “म्हणजे पाणी करायलाही आधी पाणीच लागतं.” ज्या बाईने एप्रिल २०१६ पाहिला, लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणलेले आणि मांजरा धरणाचा तळ भेगाळलेला पाहिला, तिने साबण लावताना नळ बंद ठेवला यात नवल नाही. मला खरी टोचणी लागली ती वरच्या डेकवरच्या पोहण्याच्या हौदापेक्षा ताटांची. शेजारच्या टेबलावरची तरुण मंडळी सहा-सहा पदार्थ घेत आणि चार टाकून उठत. पैसे आधीच भरलेले, त्यामुळे टाकण्याला मोल नाही. ऊसतोडीला घर सोडून जाणाऱ्यांची मुले मी वर्गात शिकवतो, तेव्हा माझी नजर त्या ताटांवरून लवकर हलत नसे. आईने एकदाच विचारले, “ह्याचं पुढं काय करतात?” मी उत्तर दिले नाही.

गोव्याला बोट मुरगावच्या धक्क्याला लागली. किनाऱ्यावरच्या सहली निवडायच्या असतात. आम्ही फोंड्याकडची देवळे निवडली. कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून, मंगेशी कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भयाने खाडीपलीकडे नेलेली. कवळ्याचे आजचे देऊळ १७३८ चे, शाहू महाराजांच्या कारकिर्दीतले. घर सोडून पाण्यापलीकडे जाऊन बसलेले देव पाहून अण्णा खुलले. “आपली योगेश्वरी एकटीच भटकी नाही म्हणायची,” ते म्हणाले.

मी मात्र मनाने राशोलला होतो. तिथे १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, दहा हजारांवर मराठी ओव्या, पण रोमन अक्षरांत. हा इंग्रज मनुष्य एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्याला पोचला. त्या प्रवासाचे वर्णन करणारे, बापाला लिहिलेले त्याचे पत्र प्रसिद्ध आहे. ताज्या अन्नावाचून हिरड्या सुजत, पाय सुजत. दीडशेवर माणसे आजारी पडली, सत्तावीस दगावली, आणि इतर वेळांच्या मानाने ही हानी फारशी नाही असे मानले गेले, असे तो लिहितो! साडेसहा महिने असे काढून जो मराठी शिकायला बसला, त्याच्यापुढे आमची पीएच.डी.ची धडपड काय सांगावी? आमच्या बोटीवर त्या रात्री फळांची मांडणी होती, कलिंगडात कोरलेल्या हंसासकट.

लक्षद्वीपला खरा प्रसंग आला. अगत्ती बेटाभोवती पोवळ्याचा कडा आहे, मोठे जहाज जवळ जाऊ शकत नाही. ते खोल पाण्यात थांबते आणि उतारूंना लहान होडीतून नेतात. कोकणच्या जुन्या बोटींवरही जिथे धक्का नसे तिथे अशीच पडावात उतरायची रीत होती. जहाजाच्या पोटातले दार उघडते, खाली होडी वर-खाली होत असते, दोन खलाशी दंडाला धरतात आणि म्हणतात, “आता!” तो ‘आता’ नेमका साधावा लागतो. अण्णा दारापर्यंत आले, पाण्याकडे पाहिले, आणि मागे सरकले. “तुम्ही जाऊन या. मी इथेच वाचीत बसतो.” सौ.चे डोळे भरले. तीही राहते म्हणाली. मेहुणा समजूत घालू लागला. मागे रांग खोळंबली.

आई तोवर होडीत जाऊन बसलीही होती. कशी उतरली ते कुणी पाहिले नाही. तिथून तिने, विहिरीवरच्या बायका मारतात तशी, हाक मारली, “अण्णा, या की! मला पोहता येत नाही, तुम्हाला येतंय म्हणतात. बुडाले तर काढायला कोण हाय माझ्याजवळ?” खलाशीदेखील हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी काठी माझ्या हातात दिली, दोन्ही दंड खलाशांच्या स्वाधीन केले, आणि ‘आता’ म्हणण्याच्या आधीच पाय टाकला.

बेटाचे वर्णन थोडक्यात करतो, कारण छायाचित्रांत सगळ्यांनी पाहिले आहे: निळे पाणी, पांढरी वाळू, नारळी. सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. आमच्याकडच्या दोन-तीन मोठ्या गावांच्या शिवाराएवढी. बहुतेक बेटांवर मल्याळमची एक बोली चालते, कुपा मासा आणि नारळ यांवर संसार. आईला हे सारे कमी, विहिरी अधिक महत्त्वाच्या वाटल्या. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. जास्त उपसा केला की खालचे खारे वर येते. म्हणून २००५ साली कवरत्तीला आणि पुढे अगत्ती व मिनिकॉयला सरकारी शास्त्रज्ञांनी वेगळीच युक्ती केली. वरचे कोमट समुद्रजल निर्वात टाकीत सोडायचे, त्याची काही वाफ होते, आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा पाणी करायची. कवरत्तीचा कारखाना दिवसाला एक लाख लिटर पाणी करतो. हे ऐकून आई म्हणाली, “म्हणजे यांच्याकडंही पाणी मोजूनच हाय.” आणि तिला बेट एकदम आपलेसे वाटू लागले.

शहाळ्याचे पाणी पिता पिता अण्णा आपण होऊन बोलले. काका गिरगावात एका दुकानात होते. अमावास्येला घरी येताना पुतण्यासाठी पत्र्याची शिट्टी आणीन, असे त्यांनी कळवले होते. देह सापडला नाही. “आजी किती वर्षं जेवताना एक पान जास्त मांडायची,” ते म्हणाले. “म्हणून मला पंगती आवडत नाहीत.” सौ.ने हे आयुष्यात प्रथमच ऐकले. ती काही बोलली नाही. आपले शहाळे त्यांच्यापुढे सरकवून बसून राहिली.

परतीच्या शेवटच्या पहाटे साडेपाचला अण्णांनी माझे दार वाजवले. “चला प्रोफेसर, काशाचा खडक दाखवतो.” डेकवर वारा होता, उजाडायचे होते. रेवसच्या बाजूला दूर काळपट काहीतरी दिसल्यासारखे वाटले; ते खडक होता की धुके, मला सांगता येणार नाही. अण्णा हात जोडून उभे होते. ओठ हलत होते. बोट पुढे सरकली, मुंबईचे दिवे जवळ आले, तरी ते तसेच. मग मफलर सारखा करीत म्हणाले, “विहीणबाई उठल्या का? न्याहारीला आज इडली आहे, असं तो पोरगा म्हणत होता.”