उपचार थांबतात, शुश्रूषा थांबत नाही

आपल्या धर्मग्रामांतील जवळजवळ प्रत्येक कुटुंबावर केव्हा ना केव्हा अतिदक्षता विभागाच्या बंद दाराबाहेर बसण्याचा प्रसंग येतो. आत आपले माणूस नळ्या आणि यंत्रे यांच्यामध्ये निपचित पडलेले असते. अशा वेळी डॉक्टर बाहेर येऊन ‘आता आमच्या हाती फारसे काही नाही’ असे सांगतात आणि सारे काही संपले, असे नातेवाइकांना वाटते. वस्तुतः त्या वाक्याचा अर्थ एवढाच असतो की, रोग बरा करण्याचे उपाय संपले आहेत. रुग्णाची शुश्रूषा त्यानंतरही चालूच राहते. किंबहुना तिची खरी गरज तेव्हाच भासते.

ही शुश्रूषा म्हणजे नेमके काय? बेशुद्ध रुग्णाला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावे लागते, अन्यथा हाडांवरच्या त्वचेवर दाब पडून शय्याव्रण होतात. कोरडे पडलेले ओठ आणि तोंड ओल्या कापसाने पुसावे लागते. मिटत नसलेल्या डोळ्यांची काळजी घ्यावी लागते, घशातील स्राव काढावा लागतो, अंथरूण कोरडे ठेवावे लागते. ही सारी कामे यांत्रिकपणेही करता येतात आणि करुणेनेही. चांगली परिचारिका रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने नव्हे, नावाने हाक मारते. सुई टोचण्यापूर्वी वा कूस बदलण्यापूर्वी ती त्याला तसे सांगते. प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णालाही ऐकू येत असू शकते, हे तिला ठाऊक असते. म्हणून त्याच्या उशाशी उभे राहून ती त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलत नाही.

अशा शुश्रूषेचे एक थोर उदाहरण मुंबईत घडले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, स्वच्छ ठेवले. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी पिढी हे काम आपलेसे करी. इतक्या दीर्घ काळात त्यांना शय्याव्रण झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली आणि या परिचारिकांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. अरुणा बऱ्या होणार नाहीत, हे त्या प्रत्येकीला माहीत होते.

मरणासन्न रुग्णाच्या वेदनेकडे पाहण्याची आधुनिक दृष्टी डॉ. सिसिली साँडर्स यांनी दिली. त्या प्रथम परिचारिका, नंतर रुग्णालयातील समाजसेविका आणि अखेरीस डॉक्टर झाल्या. लंडनमधील, आयरिश धर्मभगिनी चालवीत असलेल्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये काम करीत असताना त्यांनी एक पद्धत रूढ केली : वेदना असह्य होण्याची वाट न पाहता वेदनाशामक औषध ठरावीक वेळांनी द्यायचे. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. रुग्णाची वेदना केवळ शारीरिक नसते; भीती, कुटुंबाची चिंता, पैशाची विवंचना आणि देवाविषयीचे प्रश्न हेही तिचेच भाग असतात, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे १९८६ साली कर्करोगतज्ज्ञ डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्रे येथे स्थापन केलेले ‘शांती आवेदना सदन’ हे भारतातील पहिले हॉस्पिस होय.

तरीही पुष्कळ घरांत मॉर्फिनचे नाव काढताच भीती वाटते. व्यसन लागेल किंवा मरण लवकर येईल, अशी शंका असते. जाणकाराच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन वेदना व धाप कमी करते आणि रुग्णाला आपल्या माणसांशी दोन शब्द बोलण्याची उसंत देते. वेदनाशमनासाठी अशी औषधे घेणे नीतिसंमत आहे, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच स्पष्ट केले होते. लाभाच्या मानाने अतोनात भार टाकणारे असाधारण उपचार नाकारणे म्हणजे दयामरण नव्हे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. मात्र रुग्णाला त्यागणे तिला कदापि मान्य नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, दयाळू शोमरोन्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हॅटिकनच्या पत्रात, बरे करणे अशक्य असले तरी काळजी घेणे कधीच अशक्य नसते, हाच मुद्दा विस्ताराने मांडलेला आहे.

या साऱ्यात कुटुंबीयांचे काय? तेही एका अर्थी रुग्णच असतात. न जेवता, न झोपता ते बाकावर बसून असतात आणि आतून कोणी बाहेर आले की दचकतात. परिचारिकेने ‘आज त्यांना शांत झोप लागली’ एवढे सांगितले तरी त्यांना धीर येतो. कुटुंबाने आपल्यातील एका व्यक्तीला डॉक्टरांशी बोलण्यासाठी नेमावे. त्यामुळे निरोपांचा गोंधळ टळतो. भेटीच्या वेळी रुग्णाचा हात हाती घ्यावा, त्याच्याशी बोलावे, हळू आवाजात रोझरी म्हणावी. कर्मचाऱ्यांवर राग काढण्यापूर्वी एका परिचारिकेकडे किती रुग्ण आहेत, याचाही विचार करावा.

आणखी एक विनंती. धर्मगुरूंना बोलावणे म्हणजे मरणाची वर्दी, या समजुतीने अनेक कुटुंबे रुग्ण बेशुद्ध होईपर्यंत थांबतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘अंत्याभ्यंगा’ऐवजी ‘रुग्णाभ्यंग’ हे नाव अधिक योग्य मानले, कारण हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. रुग्ण शुद्धीवर असताना, स्वतः प्रार्थना म्हणू शकत असताना तो दिला गेला, तर त्याला आणि घरच्यांनाही त्यातून बळ मिळते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये घोषित केल्यानुसार लुर्डमातेच्या सणादिवशी, ११ फेब्रुवारीला, आपण जागतिक रुग्णदिन पाळतो. त्या दिवशीची प्रार्थना वर्षभर कृतीत उतरावी. आपल्या आळीत कोणाचे माणूस अत्यवस्थ असेल, तर त्या घरी जेवणाचा डबा पोहोचवावा, मुलांना सांभाळावे, एखादी रात्र रुग्णालयात आपण जागून घरच्यांना झोपू द्यावे. आणि रुग्ण घरी परतो वा न परतो, ज्या परिचारिकांनी त्याची शुश्रूषा केली, त्यांना भेटून कृतज्ञतेचे दोन शब्द अवश्य सांगावेत. ते त्यांच्या वाट्याला फार क्वचित येतात.