जीआरई व्हर्बल : शब्दांच्या याद्या पाठ, तरी उत्तर का चुकते? समजून घ्या सरावाची पद्धत

परदेशात एमएस किंवा पीएचडी करण्यासाठी जीआरई देणाऱ्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना गणिताची फारशी भीती वाटत नाही. धास्ती असते ती व्हर्बलची. शाळा मराठी माध्यमातून झाली असेल, तर ‘आपले इंग्रजीच कच्चे’ असे म्हणून अनेक जण हजारभर शब्दांची यादी घेऊन बसतात. महिनाभराने शब्द पाठ होतात, पण सराव चाचणीतले गुण तिथेच राहतात. असे का होते?

परीक्षा नेमकी कशी असते?

ईटीएस ही संस्था जीआरई घेते. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली आहे. त्यात व्हर्बलचे दोन भाग असतात. पहिल्या भागात १२ प्रश्न व १८ मिनिटे, तर दुसऱ्यात १५ प्रश्न व २३ मिनिटे मिळतात. म्हणजे एकूण २७ प्रश्न आणि ४१ मिनिटे. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. गुण १३० ते १७० या पट्ट्यात दिले जातात. पहिला भाग कसा गेला, यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ‘कॅट’ची तयारी केलेल्यांना शंका असलेला प्रश्न सोडून देण्याची सवय असते. जीआरईत ती तोट्याची ठरते. इथे एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

मग शब्द पाठ करून भागत का नाही?

विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न २०११ मध्येच जीआरईतून काढून टाकण्यात आले. आता वाक्यातील रिकाम्या जागा भरणे, एकाच वाक्यासाठी समान अर्थ देणारे दोन शब्द निवडणे आणि उताऱ्यावरील प्रश्न असे तीन प्रकार असतात. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. म्हणजे सुटा शब्द कुठेच विचारला जात नाही. तो वाक्यात बसतो का, हे विचारले जाते.

हा तर्क मराठीतही तपासून पाहता येतो. हे वाक्य पाहा : ‘मंत्री सभेत तासन्‌तास बोलत, पत्रकार परिषदेत मात्र ते कमालीचे ____ असत.’ पर्याय सहा : मितभाषी, उद्धट, वाचाळ, अल्पभाषी, मगरूर, प्रामाणिक. यातले दोन निवडायचे आहेत.

उत्तर आहे मितभाषी आणि अल्पभाषी. ‘मात्र’ हा शब्द वाक्याला उलट वळवतो. तो नजरेतून सुटला, तर ‘वाचाळ’ बरोबर वाटू शकतो. ‘उद्धट’ आणि ‘मगरूर’ यांची जोडी जमते, प्रत्यक्षात असे नेतेही दिसतात; पण या वाक्यात त्याला काहीच आधार नाही. असा सापळा जीआरईत नेहमी असतो. दोनपैकी एकच शब्द बरोबर आला, तर अर्धा गुणही मिळत नाही.

ओळखीचे शब्दच दगा देतात

अवघड शब्दांइतकेच सोपे शब्दही फसवतात. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे, हे सगळ्यांना माहीत असते. पण ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे अटी राखून दिलेला पाठिंबा. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी आणि निर्बंधही. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, तसेच नजरचूकही. ‘फ्लॅग’ हे क्रियापद असेल, तर जोर ओसरणे असाही अर्थ होतो. त्यामुळे शब्द वहीत लिहिताना एक अर्थ न लिहिता संपूर्ण वाक्य लिहावे.

सराव कसा करावा?

१. पर्याय आधी झाकून ठेवा. वाक्य वाचून रिकाम्या जागी स्वतःचा साधा शब्द घाला. तो मराठी असला तरी चालेल. मग पर्याय पाहा.

२. वाक्याची दिशा ठरवणारे शब्द शोधा. ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’, ‘यट’ हे उलट दिशेला नेतात. ‘बिकॉज’, ‘इंडीड’ त्याच दिशेला. अपूर्णविरामानंतर बहुतेक वेळा आधीच्या मुद्द्याचाच खुलासा असतो.

३. उताऱ्यावरील प्रश्नात स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवा. विज्ञानाचा उतारा आला की इंजिनीअरिंगचे विद्यार्थी वर्गात शिकलेले उत्तर निवडतात. उत्तर उताऱ्यातील कोणत्या ओळीत आहे, हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘नेव्हर’ असलेला पर्याय दोनदा तपासा.

४. चुकांची वही ठेवा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : शब्द माहीत नव्हता, वाक्याची दिशा चुकली, उताऱ्यात नसलेले गृहीत धरले की वेळ पुरला नाही?

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. दोन आठवड्यांनी वही उघडून कारणे मोजा. ‘शब्द माहीत नव्हता’ हे कारण सर्वाधिक वेळा आले, तर शब्दांवरच मेहनत घ्या. पण बहुतेक चुका दिशा किंवा गृहीतकाच्या असतील, तर आणखी ५०० शब्द पाठ करून गुण वाढणार नाहीत. तो वेळ रोज दोन उतारे सावकाश सोडवण्यात घालवावा. घड्याळ लावून सराव त्यानंतर करावा.

फी भरण्यापूर्वी हे पाहा

अनेक विद्यापीठांनी काही अभ्यासक्रमांसाठी जीआरई ऐच्छिक केली आहे. त्यामुळे हव्या त्या विभागाची प्रवेशाची अट आधी वाचावी. ईटीएसच्या ‘पॉवरप्रेप’वर दोन सराव परीक्षा मोफत मिळतात. त्यातली एक सुरुवातीला आणि दुसरी परीक्षेच्या साधारण दोन आठवडे आधी द्यावी. गुण मनासारखे आले नाहीत, तर २१ दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. मात्र १२ महिन्यांत पाचपेक्षा जास्त वेळा नाही. गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. पुन्हा बसायचे ठरले तरी नवी यादी विकत घेण्याआधी जुनी चुकांची वही वाचावी.