तीर्थनकाठची माशी

गळाची मासेमारी म्हटली की गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून काठावर तासन्‌तास बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. फ्लाय फिशिंगमध्ये असे आमिष नसते. इवल्या गळाला पिसे, केस आणि दोरा गुंडाळून कीटकाची नक्कल बांधतात. तिला मी माझ्यापुरते ‘माशी’ म्हणतो. ही माशी इतकी हलकी की ती फेकताच येत नाही. म्हणून फेकायची ती जाड, वजनदार दोरी. तिच्या टोकाच्या बारीक तंगुसाला बांधलेली माशी मागोमाग जाते.

मी मत्स्यशास्त्रज्ञ नाही. जीवशास्त्र शाळेतच सुटले. हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू जिल्ह्यात तीर्थन नदीवर गेली बारा वर्षे परवाना काढून ट्राउटमागे हिंडताना आणि मिळतील ते जुने अहवाल वाचताना जे उमगले, ते इथे मांडतो आहे.

ट्राउट हा तीर्थनचा मूळ रहिवासी नव्हे. ब्राउन ट्राउटची अंडी ब्रिटनहून काश्मीरला आणण्याचा 1899 मधला प्रयत्न फसला. 1900 मध्ये स्कॉटलंडची खेप जिवंत पोचली. पुढे 1909 मध्ये कुल्लूचे सहायक आयुक्त हॉवेल यांनी काश्मीरहून अंडी आणवून कटराईंजवळ महिली येथे उबवणी केंद्र काढले. कुल्लूच्या नद्यांमध्ये ट्राउट पसरला तो या खटपटीतून. साहेबाच्या विरंगुळ्यासाठी आलेला हा पाहुणा. आपल्या सह्याद्रीत तो का रुजला नाही, याचे उत्तर पाण्यात आहे. ट्राउटला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते; पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याला ते सोसत नाही. आपल्या नद्या उन्हाळ्यात याच्या कितीतरी पुढे जातात.

गुशैणीला फलाचण हा ओढा तीर्थनला मिळतो. संगमाच्या खालची बाजू ही माझी पहिली आवडती जागा. इथे वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना लागून वाहते आणि मध्ये एक शिवण दिसते. ट्राउट त्या शिवणीच्या संथ बाजूला, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. वेगवान पाणी अन्न वाहून आणते, संथ पाण्यात दम लागत नाही. तो वर पाहत असल्यामुळे आपण खालच्या बाजूने जायचे.

दुसरी जागा नागणीजवळची, मोठमोठ्या धोंड्यांची. प्रत्येक धोंड्यामागे हातभर शांत पाणी असते. तिथे माशी पडली आणि दोरीने तिला जराशी जरी ओढली, तरी मासा तोंड फिरवतो. कारण खरा कीटक पाण्याच्याच चालीने वाहतो. पहिली दोन वर्षे मी हीच चूक करत होतो. मग काठी बाजूला ठेवून दगड उलटे करू लागलो. त्यांच्या खालच्या बाजूला मेफ्लायची पिल्ले चिकटलेली असतात. ती महिनोन्‌महिने पाण्यात वाढतात आणि पंख फुटल्यावर दिवस-दोन दिवसच जगतात. कोणत्या आठवड्यात कोणता कीटक वर येतो, हे कळले की माशी कोणती बांधायची ते आपोआप कळते. गाळ साचलेल्या दगडाखाली ही पिल्ले फारशी सापडत नाहीत.

याच पाहुण्याने पुढे नदीची बाजू सावरली. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प आखले गेले, तेव्हा खोऱ्यातल्या लोकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयातही गेले. अखेर राज्याने ही नदी प्रकल्पांपासून मोकळी ठेवायचे ठरवले. त्यामागच्या कारणांत ट्राउट ठळक होता. मात्र हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. इथल्या देशी माशाला इंग्रजीत ‘स्नो ट्राउट’ म्हणतात. खरे तर तो कार्पच्या कुळातला, ट्राउटचा कोणी नव्हे. ब्राउन ट्राउट लहान मासे खातो आणि देशी माशाच्या अन्नातही वाटेकरी होतो. नदी वाचली म्हणून पाहुण्याचे आभार मानताना घरच्याच्या पानातले काय गेले, हे विसरून चालणार नाही.

तिसरी जागा कुठे आहे ते सांगणार नाही. तिथे गुडघाभर पाणी आणि सुपारीएवढी खडी आहे. थंडीच्या तोंडावर मादी शेपटीने खडी उकरते, खळग्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. खडीच्या फटींतून स्वच्छ पाणी खेळत राहिले तरच अंडी जगतात. रस्त्याच्या कामाचा एक ढिगारा पात्रात लोटला, की माती त्या फटींत बसते आणि अंडी गुदमरतात. वरून नदी तेवढीच निळी दिसते. दोन वर्षांपूर्वी या जागेच्या वरच्या वळणावर असा ढिगारा पडला. त्या हंगामात मी तिथले दगड उलटले, तर हाताला चिखल लागला. गेल्या वर्षी काही ठिकाणी खडी पुन्हा धुतलेली दिसली.

1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते. हा अंक तुमच्या हातात असेल, त्या सुमारास काठ्या पिशवीत गेलेल्या असतील आणि त्या खडीत अंडी असतील. मी मार्चमध्ये जाईन. काठी न घेता आधी दगड उलटून पाहीन.