कॅम्परव्हॅनचं सांडपाणी ओतायचं कुठे?

डबा खाता खाता ऐकत असाल तर आधी डबा संपवा, कारण आजचा विषय सांडपाण्याचा आहे. आणि फक्त भांड्यांच्या सांडपाण्याचा नाही, टॉयलेटच्याही.

मागच्या भागात आपण कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात जाण्याबद्दल बोललो होतो. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न भाड्याचा नव्हता, मायलेजचाही नव्हता. प्रश्न होता, "टाकी भरली की काय करायचं?" आणि त्याखाली कुणीतरी उत्तरही देऊन टाकलं होतं, "गटारात सोड ना, त्यात काय!" त्या 'त्यात काय'चं उत्तर म्हणजे हा भाग. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती.

आधी गाडी समजून घेऊ. घरासारख्या या गाडीत पाण्याच्या तीन जागा असतात. एक स्वच्छ पाण्याची टाकी. दुसरी ग्रे टाकी, म्हणजे सिंक, बेसिन आणि शॉवरचं पाणी जमा होतं ती. आणि तिसरी ब्लॅक टाकी, म्हणजे टॉयलेटची. छोट्या गाड्यांमध्ये ब्लॅक टाकीऐवजी कॅसेट असते. नावावरून गाण्याची कॅसेट आठवली तर तुम्ही माझ्या वयाचे आहात. ही कॅसेट म्हणजे बाहेरच्या बाजूने ओढून काढता येणारा प्लॅस्टिकचा डबा, साधारण १८-२० लिटरचा. पाण्याचा मोठा जार २० लिटरचा असतो, तेवढाच समजा. दोघंजण नीट वापरत असाल तर दोन-तीन दिवसांत तो भरतो. ग्रे टाकीचं मात्र काही खरं नाही. हँड शॉवर मिनिटाला ६ लिटर पाणी सोडतो असं धरलं आणि चौघांनी पाच-पाच मिनिटं अंघोळ केली, तर झाले १२० लिटर. बऱ्याच गाड्यांची ग्रे टाकी तिथेच भरते, भांडी अजून बाकी असतात.

आता गटार. मुंबईत ज्याला आपण सरसकट 'गटार' म्हणतो, त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळी दिसते ती पर्जन्यजलवाहिनी, म्हणजे पावसाच्या पाण्याचा रस्ता. आणि रस्त्याच्या मधोमध गोल झाकण असलेलं चेंबर बहुतेक वेळा मलनिःसारण वाहिनीचं असतं, आपल्या संडास-बाथरूमचं पाणी नेणारं. मुंबईत ही दोन जाळी मुळातच वेगळी आखलेली आहेत. मलनिःसारण वाहिनीतलं पाणी पालिकेच्या केंद्राकडे जातं. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी नव्या मोठ्या प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं, ते याच पाण्यासाठी. कडेच्या जाळीत जे पडतं त्याला मात्र असं केंद्र नाही. ते नाल्यात, नाल्यातून नदीत किंवा खाडीत.

म्हणजे 'गटारात सोडलं' याचा खरा अर्थ तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतो. बोरिवलीत असाल तर दहिसर नदी किंवा पोयसर नदी. या दोन्ही नद्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात उगम पावतात, आणि उद्यानाच्या आतलं त्यांचं पाणी बघितलं तर पुढे एस. व्ही. रोडच्या पुलाखाली दिसते तीच ही नदी, हे पटत नाही. एक मनोरीच्या खाडीला मिळते, दुसरी मार्वेच्या. अंधेरी पश्चिमेला असाल तर इर्ला नाला आणि थेट जुहूचा समुद्र. मुलुंड-घाटकोपरला असाल तर ठाण्याची खाडी. तीच खाडी, जिथे आपण भांडुप पंपिंगला फ्लेमिंगो बघायला जातो, रील काढतो. २०१५ साली ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. आपण टाकी उलटी करायची आणि खाली फ्लेमिंगो उभे.

कुणी म्हणेल, नद्या आधीच एवढ्या घाण आहेत, माझ्या २० लिटरने काय होणार? हिशेब म्हणून खरं आहे. पण मग एखाद्या सोसायटीने तिचं सगळं ड्रेनेज चोरून नाल्याला जोडलं तर तिलाही हेच म्हणता येतं, आणि अशी जोडणी हेच तर या नद्यांचं दुखणं आहे. शिवाय कायदा लिटर मोजत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवरही जाणूनबुजून घाण सोडायला मनाई आहे.

आणि हो, मधल्या चेंबरचं झाकण स्वतः उचलून त्यात ओतायचं, हा 'हुशार' उपाय करू नका. ते झाकण पालिकेचं आहे आणि नीट बसलं नाही तर कुणाचा तरी जीव जातो. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून मुंबईतल्या एका नामांकित डॉक्टरांचा मृत्यू झाला, ते आपण विसरलेलो नाही.

तुम्हाला वाटत असेल, कॅम्परव्हॅन हे नवीन खूळ आहे. अंधेरीकरांना मात्र हसू येईल. टॉयलेट असलेल्या गाड्या त्यांच्या गल्लीत वर्षानुवर्षं उभ्या आहेत, त्यांना व्हॅनिटी व्हॅन म्हणतात. हिंदी सिनेमात त्या आणण्याचं श्रेय बहुतेक वेळा पूनम ढिल्लों यांना दिलं जातं. आरामनगरात ऑडिशनला गेलात किंवा गोरेगावच्या चित्रनगरीबाहेरून गेलात तरी दोन-चार दिसतात. आतल्या आरशाभोवतीचे दिवे सगळ्यांना माहीत असतात. खालच्या टाकीबद्दल कुणी बोलत नाही. पण ती भरते, आणि कुणीतरी ती रिकामी करतं.

मला या सगळ्या विषयात हा 'कुणीतरी' सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. युरोपातल्या कॅम्परव्हॅनच्या व्हिडिओंमध्ये मालक स्वतः हातमोजे घालून कॅसेट ओढत नेतो, ठरलेल्या जागी ओततो, धुतो, परत बसवतो. कंटाळवाणं काम, पाच मिनिटांचं. आपल्याकडे गाडी भाड्याने घेतली की बऱ्याचदा ड्रायव्हर असतो, कधी हेल्परही असतो, आणि ग्रुपमधलं कुणीतरी सहज म्हणतं, "दादा, ते जरा खाली करून या ना." दादा जातात. कुठे जातात, कशात ओततात, आपण विचारत नाही. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा सध्याचा देशव्यापी कायदा २०१३ चा आहे, आणि तरीही सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसं मेल्याच्या बातम्या येतच असतात. या देशात दुसऱ्याची घाण कुणी उचलायची हे जातीने ठरवलं होतं. तो इतिहास डोक्यात ठेवून मी एक नियम केलाय आणि तो मी ग्रुपला बुकिंगच्या आधीच सांगते. आपली कॅसेट आपण रिकामी करायची. पाळी लावा, चिठ्ठ्या टाका, पत्त्यांत हरेल तो जाईल असं ठरवा, पण जाणारा आपल्यातलाच. ड्रायव्हर गाडी चालवायला आलेत.

हेच सोसायटीतही. गाडी रात्री बिल्डिंगमध्ये लावली आणि खाली वॉचमनचं टॉयलेट दिसलं, म्हणून न विचारता तिथे ओतून वर निघून जायचं नाही. ते टॉयलेट रोज कुणीतरी साफ करतं.

आता मुंबईबाहेर. २०२१ साली महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे, म्हणजे गाडी लावायला, पाणी भरायला, वीज जोडायला जागा. पण परदेशात रस्त्यात जागोजागी टाकी रिकामी करायची सोय असते, तसं आपल्याकडे गृहीत धरून निघू नका. निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करा आणि 'टॉयलेट आहे का' एवढंच विचारू नका. "सेप्टिक टँक आहे का? शोषखड्डा आहे का? आमची २० लिटरची कॅसेट तिथे रिकामी केली तर चालेल का?" असं सरळ विचारा. पलीकडचा माणूस आधी गोंधळतो, मग समजावलं की बहुतेक वेळा हो म्हणतो. नाही म्हणाला तर पुढचा फोन.

'सेप्टिक टँक आहे का' हा प्रश्न आणखी एका कारणासाठी. कॅसेटमध्ये वास येऊ नये म्हणून निळं औषध टाकतात. त्यातल्या काहींत फॉर्मल्डिहाइड असतं. ते जंतू मारतं, आणि सेप्टिक टँक तर जंतूंवरच चालतो! रेल्वेचं उदाहरण घ्या. पूर्वी लांब पल्ल्याच्या गाडीतलं सगळं थेट रुळांवर पडायचं, म्हणून तर 'गाडी स्थानकात उभी असताना वापरू नये' ही पाटी. आता डब्यांखाली डीआरडीओच्या मदतीने बनवलेली बायोटॉयलेटं आहेत. टाकीत हवेशिवाय जगणारे जंतू असतात, ते मैल्याचं पाणी आणि वायू करतात. त्यात कुणी बाटली, गुटख्याचं पाकीट नाहीतर डायपर कोंबलं की सगळं तुंबतं. गावातल्या घराच्या सेप्टिक टँकचंही तसंच आहे. तुम्ही पाहुणे म्हणून जाणार, निळं औषध ओतून त्यांच्या टाकीतले जंतू मारून येणार, आणि पंधरा दिवसांनी वास त्यांच्या अंगणात. म्हणून जैविक, एन्झाइमवालं औषध घ्या, तेही मोजून. वेट वाइप्स आणि सॅनिटरी पॅड कॅसेटमध्ये कधीच नाही. 'फ्लशेबल' लिहिलेलं असलं तरी नाही. कागदात गुंडाळून कचऱ्यात.

ओतताना सावकाश, शिंतोडे उडू न देता. मग कॅसेट विसळायची, आणि ते पाणीही त्याच टॉयलेटमध्ये. आजूबाजूची फरशी धुवायची. आणि कॅसेट गावाच्या नळाखाली धरायची नाही! जिथे बायका कळशी भरतात त्या नळाजवळ तो डबा नुसता नेणंसुद्धा चूक. आपल्या बादलीत पाणी घ्या, लांब जा. पिण्याचं पाणी भरायचा पाइप वेगळा, टाकी धुवायचा वेगळा, दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत. मी एकाला लाल चिकटपट्टी लावलीय.

ग्रे पाण्याबद्दल लोक जरा सैल असतात. "साबणाचं पाणी तर आहे, झाडांना घालू." थांबा. कोकणात पायाखाली जांभा असतो, सच्छिद्र दगड. वरून ओतलेलं पाणी त्यातून भराभर खाली उतरतं आणि खाली कुणाची तरी विहीर असते. काससारख्या पठारावर वेगळीच गंमत आहे. तिथे जांभ्यावर मातीचा पातळ थर आहे आणि त्या मातीत पोषण इतकं कमी, की दवबिंदूसारखी झाडं कीटक खाऊन जगतात. अशा ठिकाणी भांड्यांचं, उष्ट्याचं पाणी म्हणजे खत. त्याने दुसरंच गवत माजतं आणि ज्या फुलांसाठी गेलो त्यांचीच जागा जाते.

म्हणून ग्रे पाणीही टाकीत साठवायचं आणि मुक्कामाच्या मोरीत किंवा शोषखड्ड्यात सोडायचं. अगदीच नाइलाज झाला, तर जागामालकाला विचारून, गाळून, थोडं थोडं पसरून टाका, आणि ओढा, तळं, विहीर यांपासून किमान २०० फूट लांब. म्हणजे मोठ्या माणसाची सुमारे ७० पावलं, मोजत जा. रिठा वापरला किंवा बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणून नदीत भांडी घासायची परवानगी मिळत नाही.

खरी युक्ती मात्र पाणी कमी करण्यात आहे. मिसळीची तर्री असलेली कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसा, मग धुवा. बोंबील तळलेलं तेल सिंकमध्ये नाही, बाटलीत भरून घरी. चहाचा चोथा गाळणीतच. तेल आणि उष्टं टाकीत गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हात, गाडीत जो वास येतो तो कुठल्याही औषधाने जात नाही. अंघोळ शॉवरऐवजी तांब्या-बादलीने करा. आजीची पद्धत, पाच-सात लिटरमध्ये काम.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. शोषखड्डे आधीच भरलेले असतात, जमीन पाणी घेत नाही. जुलैत 'शोषखड्डा आहे' असं कुणी सांगितलं तरी 'त्यात पाणी उतरतंय का' हेही विचारा. आणि टाकीचा व्हॉल्व्ह घट्ट आहे का ते घाटाआधी बघा. काही लोक चालत्या गाडीतून ग्रे पाणी हळूहळू गळू देतात. मागून बाइकवर येणाऱ्याच्या चेहऱ्याचा विचार करा.

शेवटचा प्रश्न एका श्रोत्याचा आहे, तो बोरिवलीलाच राहतो. रविवारी रात्री अकरा वाजता घरी पोचलो, कॅसेट भरलेली, ग्रे टाकीत ६० लिटर, सकाळी गाडी परत द्यायची. काय करू? कॅसेट स्वतःच्या फ्लॅटमध्ये नेऊन स्वतःच्या टॉयलेटमध्ये ओत. ते पाणी ड्रेनेज लाइनला जातं. ग्रे पाणी बादल्यांनी बाथरूममध्ये. १५ लिटरच्या चार बादल्या होतात. लिफ्टने जातात, पण झाकण असलेल्या बादल्या घे. आणि लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या तर काय सांगायचं, ते तुझं तू ठरव.